न बांधलेल्या मशीनचा हिवाळा

"हीच का ती गोल मशीनवाली?"

"हो ना, तीच. लोधीपुऱ्यातल्या सरांची पोरगी. देवाचा कण शोधते म्हणे."

"मग सापडला का?"

"अगं, तो तर कधीचाच सापडला. पेपरात आलं होतं की. आता काय शोधून राहिली, तिचं तिला माहीत."

दोघी खळखळून हसल्या. बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याजवळच्या मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत त्या तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या आणि मी दाराबाहेर, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या आड, पाण्याचा जग घेऊन उभी होते. पुढच्या हॉलमध्ये समाजाचा गुणगौरव समारंभ सुरू व्हायचा होता. संक्रांत नुकतीच झाली होती. थोड्या वेळानं माझं नाव पुकारलं जाणार होतं, शाल मिळणार होती आणि माइकवरून माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जाणार होत्या. दोन्ही खोट्या.

आत जाऊन एवढं म्हणता आलं असतं, मावशी, मशीन गोल नाहीये. पण मी जग भरला आणि परत आले.

या वर्षी पुन्हा त्या हिवाळ्यासारखीच थंडी पडली आहे. सकाळी मम्मीचा फोन होता. "मोठ्या बाबांच्या बागेत चरका बसला गं," ती म्हणाली. आमच्याकडे केळीला थंडी लागते त्याला चरका म्हणतात. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते आणि ज्या झाडाच्या पोटात घड तयार झालेला असतो त्याला तो बाहेर टाकता येत नाही. घड झाडाच्या गळ्याशी येऊन अडकतो. कधी बुंधा फाडून आडवाच बाहेर येतो, वेडावाकडा. मोठे बाबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. तापीच्या काठाला त्यांची बाग आहे. अशा दिवसांत ते संध्याकाळी बांधावर ओला पालापाचोळा पेटवतात आणि सगळ्या बागेवर धूर धरतात. त्या धुराचा वास स्वेटरमध्ये बसतो तो होळीपर्यंत जात नाही.

मम्मीनं फोन ठेवला आणि मला तो वास आला. खिडकी बंद होती आणि इथं आसपास केळी नाहीत.

लोधीपुऱ्यातलं आमचं घर हलायचं. पाहुणे दचकायचे, आम्हाला पत्ता नसायचा. एका बाजूला पावरलूम, मागच्या बाजूला पावरलूम, खटखट खटखट दिवसभर. ताटातल्या वरणावर बारीक गोल उठायचे. देव्हाऱ्यातला छोटा बाळकृष्ण महिन्याभरात सरकत सरकत भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मम्मी त्याला पुन्हा सरळ करायची. लाइट गेली की लूम थांबायचे आणि त्या शांततेनं आम्ही झोपेतून उठायचो. आवाजानं कधी उठल्याचं आठवत नाही.

अशा घरातली मुलगी पुढे जमिनीच्या थरथरीवर काम करायला लागली, यात नवल नाही. नवल हे, की ती थरथर जिच्यासाठी मोजायची ती मशीन जगात कुठंच नाही.

गोल मशीन सगळ्यांना माहीत आहे. जमिनीखाली भलंमोठं कडं, त्यात कण फिरतात, फिरून फिरून एकमेकांवर आदळतात. आमच्या भागातल्या पेपरवाल्यानं मोठ्या बाबांना फोन करून विचारलं, तुमची पुतणी नेमकं काय करते? ते म्हणाले, तीच ती, पेपरात येते ती गोलवाली. छापून आलं. घरी पेढे आले. पप्पा शाळेत गणित शिकवतात, त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते म्हणाले, "लोकांना गोल समजतं, बेटा. सरळ समजवायला टाइम लागतो."

तो टाइम त्यांनी कुणालाच दिला नाही. मीही मागितला नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं मधल्या सुट्टीत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी आलं की चुलत बहिणी म्हणायच्या, आली आमची मॅडम. पुढे पुण्याला गेले तर तिथल्या मुली म्हणाल्या, तू मराठी बोलतेस की हिंदी? एवढ्या ठिकाणी बोलून पाहिल्यावर माणूस बघायला शिकतो. मला बघता फार चांगलं येतं.

आता टाइम आहे तर समजावते. माझी मशीन सरळ आहे, कारण इलेक्ट्रॉनला वळणं परवडत नाही. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा. सरळ रस्त्यावर ठीक, पण शनवाऱ्याच्या वळणावर वरच्या झाकणातून पाणी उसळून दुकानांच्या पायऱ्या भिजवायचं आणि ड्रायव्हर जितक्या घाईत तितकं जास्त. इलेक्ट्रॉन वळताना असाच उजेड सांडतो. ऊर्जा दुप्पट केली तर सांडणं सोळापट होतं. एका मर्यादेपुढे आपण जेवढं ओतू तेवढं तो वळणावर सांडून टाकणार. मग वळणच नको. दोन लांबच लांब सरळ बोगदे समोरासमोर ठेवायचे, एकातून इलेक्ट्रॉन, दुसऱ्यातून त्याचा उलट्या भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन, आणि मध्ये भेट.

ऐकायला सोपं वाटतं. पण गोल मशीनमध्ये आज नाही भेटले तर पुढच्या फेरीला भेटतील. सरळ मशीनमध्ये फेरी नाही. एकदाच समोर यायचं. हुकलं की पुढच्या भिंतीत जाऊन संपायचं. म्हणून कणांचा प्रत्येक घड भेटीच्या जागी इतका चपटा दाबावा लागतो, की माणसाच्या केसाची जाडी त्याच्या उंचीच्या दहा हजारपट तरी भरावी. असे दोन घड, मैलोन् मैल लांबून सुटलेले, त्यांनी एकमेकांना गाठायचं. आणि खाली जमीन असते. जमिनीवर ट्रक जातात, पंप चालतात, माणसं चालतात. कुठंतरी लोधीपुरा असतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं, आणि मग राग. एवढं अशक्य काम कुणीतरी शांतपणे कागदावर मांडलं होतं. हे जमेल की नाही असं त्यात कुठं विचारलेलंच नव्हतं. अमुक इतकं हललं तर चालेल, अमुक इतकं हललं तर चालणार नाही, एवढंच. मला ते आवडलं. असं बोलणारं माणूस मी आमच्या गावात पाहिलं नव्हतं आणि मला स्वतःला असं बोलायचं होतं.

त्या हिवाळ्यात सुट्टीला घरी निघाले तेव्हा माझ्या संशोधनाच्या गाइड मॅडम म्हणाल्या, तुझ्या घरी जमीन हलते म्हणतेस ना, मग मोजून आण. एक यंत्र दिलं, भूकंपमापकाचा धाकटा भाऊ म्हणावा असं, पितळी डब्याएवढं आणि चांगलंच जड. मी ते देव्हाऱ्याच्या खोलीत फरशीवर ठेवलं आणि लॅपटॉपला जोडलं. मोठे बाबा बागेतून आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय, पेटीत भूकंप घालून आणला का?"

"नाही, मोठे बाबा. जमीन कशी हलते ते दिसतं यात."

पडद्यावर दाट काळी रेघ नाचत होती. पप्पा म्हणाले, "दादा, हे लूम." मोठ्या बाबांनी पाय आपटला, रेघ उडाली. त्यांना मजा वाटली. मग त्यांनी मम्मीला स्वयंपाकघरातून चालत यायला लावलं आणि मम्मी म्हणाली, "माझं वजन करून राहिले का सगळे मिळून?"

तेवढ्यात लाइट गेली. सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. काळी रेघ बारीक झाली, मी मापाची पट्टी बदलली आणि खालून दुसरंच काही वर आलं. संथ, गोल, मोठाल्या उकळ्या, एक गेली की सावकाश दुसरी.

"आता कोण हलवतंय?" मोठे बाबा हळू आवाजात म्हणाले.

"समुद्र."

"कुठला समुद्र? इथं तापी आहे."

"लाटांचे धक्के जमिनीतून येतात. सगळीकडे येतात. लूमच्या खाली दिसत नाहीत, एवढंच."

त्यांनी वाकून फरशीवर तळहात टेकवला. "म्हणजे जन्मभर आपण समुद्रावर झोपून राहिलो," ते म्हणाले, "आणि कुणी सांगितलं नाही."

मला त्या क्षणी ते फार आवडले. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात ते वाईट दिसतील आणि ते वाईट नाहीत.

लाइट आली. लूम सुरू झाले. समुद्र गेला.

मॅडमशी आमचा एक जुना वाद आहे, खरं तर सगळ्या जगाचाच. एवढा लांब बोगदा सरळ खणायचा म्हणजे कसा? प्रकाशासारखा सरळ गेला तर पृथ्वी गोल असल्यामुळे तो मध्यभागी टोकांपेक्षा कितीतरी मजले खोल जाईल. आणि आत कण पळवणारी जी धातूची भांडी असतात, आरशासारखी घासलेली, त्यांना अंतराळापेक्षाही थंड ठेवायला पातळ हेलियम लागतो. इतका थंड हेलियम म्हणजे शेवटी द्रव. त्याला उतार दिला की तो खाली पळतो. त्याला पृथ्वीच्या पाठीबरोबर वाकलेला बोगदा हवा. कणांना सरळ रेघ हवी आणि त्यांना थंड ठेवणाऱ्याला समतल. आमच्या गावाबाहेर कुंडी भंडाऱ्यात उतरलं की जमिनीखालून आलेली पाण्याची जुनी वाट दिसते. ती खणणाऱ्यांनी पाण्याचं ऐकलं होतं. लहानपणी त्या गारव्यात उभं राहून मी वर कुंडीच्या तोंडातून येणाऱ्या उजेडाच्या खांबाकडे बघत राहायचे. सरळ काय आणि समतल काय, हा फरक मला पुस्तकात भेटायच्या आधी तिथं भेटला होता. तेव्हा त्याला नाव नव्हतं.

घरातही तेच चाललं होतं. सगळे समतल होते. जमिनीचा जसा बाक, तसे वाकणारे.

संक्रांतीच्या आधी मोठे बाबा मला बागेत घेऊन गेले. धुकं नुकतंच उठलेलं, केळीच्या पानांच्या कडा करपून तपकिरी झालेल्या. घड अडकलेली झाडं त्यांनी हातानं चाचपून दाखवली. गळ्यापाशी फुगलेली, आत काहीतरी धडपडतंय असं वाटणारी. बागेच्या पलीकडे मोकळं रान होतं, नांगरून ठेवलेलं, आत काहीच नाही. फक्त चारी बाजूंनी, वारा अडवायला लावलेल्या शेवरीची दाट ओळ, डोक्याएवढी वाढलेली.

"इथं पावसाळ्यात नवी बाग," ते म्हणाले. मग थांबून, "केतकी, एक विचारू? तुझी ती मशीन आहे कुठं?"

"नाहीये कुठं."

"बांधून राहिले?"

"अजून ठरलं नाही. या वर्षी ठरणार होतं. पुन्हा पुढे ढकललं."

"किती वर्षं झाली ठरून राहिले?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

"मग तू काय करून राहिली?"

"ती बांधली, आणि जमीन हलली, तर काय करायचं त्याचं गणित."

ते हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "वा गं पोरी! बाग लावलीच नाही, अन् तू वाऱ्याचा बंदोबस्त करून राहिली!"

आम्ही शेवरीला पाठ टेकून उभे होतो. त्यांच्या खांद्यावर तिची पानं आली होती. मला उत्तर दिसत होतं, अगदी त्यांच्या खांद्यामागे हिरवंगार उभं होतं. पण ते गळ्याशी आलं आणि अडकलं.

माझं गप्प राहणं त्यांना होकार वाटला, की हे काम सोडायला मी तयार आहे. आमच्याकडे मुलीचं गप्प राहणं बहुतेक वेळा तसंच वाचतात. ते समाजाचे उपाध्यक्ष. समाजाची नवी शाळा जूनमध्ये उघडणार होती. समारंभाच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "आज स्टेजवर जाहीर करून टाकू. जूनपासून केतकी आपल्या शाळेत फिजिक्स शिकवणार. गोल मशीन सोडून गावासाठी आली म्हटलं की लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. तू फक्त नमस्कार कर."

मम्मीनं गाळणं झटकलं. पप्पा बशीत बघत होते. मी म्हणाले, "पप्पा?" ते म्हणाले, "दादानं विचार करूनच केलं असणार, बेटा. नसलेल्या मशीनवर किती दिवस..." आणि वाक्य सोडून दिलं.

माझ्या बॅगेत मॅडमना द्यायची मोजणी होती, लूमची आणि समुद्राची. एकदा ती घोषणा झाली असती तर मागे फिरणं कठीण होतं. आमच्या गावात माइकवरून बोललेलं खरं होतं. गोल मशीन तशीच खरी झाली होती.

हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत बसले. बारावीत पहिला आलेला मुलगा, सीए झालेली मुलगी, मग मी. सतरंजीखालून गारठा वर येत होता. पायाखाली बारीक थरथर होती, जनरेटरची असावी. मी सवयीनं तिची लय धरली आणि मला सरळ मशीनमधली सगळ्यात आवडती गोष्ट आठवली. कणांचे घड एकटेदुकटे येत नाहीत, माळेनं येतात, एकामागून एक. जमीन हललेली असते, त्यामुळे माळेतले पहिले घड हुकतात. पण हुकताना समोरच्याच्या ओढीनं जरा तिरके होतात आणि तो तिरकेपणा मोजता येतो. मागचे घड अजून वाटेत असतात. त्यांना तेवढंच उलटं ढकलायचं, पापणी लवायच्या कितीतरी आधी, की ते बरोबर भेटतात. जमीन थांबायची वाट कुणी बघत नाही. ती थांबणार नाही हे धरूनच सगळं बेतलेलं असतं. हुकलेल्यांच्या बळावर मशीन चालते.

मी किती वेळा हुकले होते ते मला माहीत होतं. पेपर आला तेव्हा, शेवरीच्या ओळीपाशी, सकाळी चहाच्या वेळी, आणि आत्ता मागच्या खोलीच्या दाराशी. दर वेळी नेमकी किती तिरकी झाले तेही कळलं होतं. वाटेत अजून एक घड होता.

"आणि आता," सूत्रसंचालक म्हणाले, "आपल्या बुऱ्हाणपूरचं नाव जगात नेणारी, गोल मशीनवर देवाचा कण शोधणारी..."

टाळ्या झाल्या. मी चढले. शाल खांद्यावर आली, तिला नॅप्थलीनचा वास होता. नारळ हातात आला. मोठ्या बाबांनी माइक घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिच्याबद्दल अजून एक खुशखबर आहे, पण आधी ही दोन शब्द बोलेल." आणि माइक माझ्यापुढे धरून हळूच, "नमस्कार म्हण, बस."

मागच्या दारात त्या दोघी पुड्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. पप्पा तिसऱ्या रांगेत. मोठ्या बाबांच्या कोटाला धुराचा वास येत होता. मी नारळ छातीशी धरला आणि माइकजवळ सरकले.

"नमस्कार," मी म्हणाले. आवाज भलताच मोठा आला, माइक शिट्टी वाजवून गप्प झाला. "माझी मशीन गोल नाही. सरळ आहे. ती अजून कुणी बांधलेली नाही, आणि मी तिचंच काम करणार आहे. जूनमध्ये मी शाळेत येणार नाही." मग मी मोठ्या बाबांकडे वळले. माइक अजून त्यांच्याच हातात होता. "बाग नसलेल्या रानाला तुम्ही शेवरी लावली, मोठे बाबा. मी पण तीच लावते आहे."